तलावाकाठच्या गावाचा नवा विकास आराखडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकास आराखड्याचा प्रारूप, म्हणजे कच्चा, नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या छपरीत माणसं येऊ लागली. पन्नीत गुंडाळलेला सातबारा, मोबाइलवर काढलेला नकाशाचा तिरपा फोटो, आणि प्रश्न तेच ते. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. साखळीने मोजणी शिकलो, जीपीएस हातात येईपर्यंत निवृत्त झालो. मी वकील नाही. पण कागदावरची रेघ जमिनीवर कुठे पडते एवढं सांगू शकतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावाच्या) काठी वसलेल्या कोणत्याही छोट्या नगरपंचायतीत लोक हेच विचारतात.

विकास आराखडा म्हणजे काय जी? आणि आताच कुठून आला?

ग्रामपंचायत होती तोवर कुणी विचारलं नाही. २०१५ च्या आसपास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तशी आपलीही झाली. नगरपंचायत झाली की ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ खाली नियोजन प्राधिकरण ठरते आणि तिला स्वतःचा आराखडा करावा लागतो. घरं कुठे, दुकानं कुठे, शेती कुठे राहणार, रस्ता कुठून जाणार, बाजार, शाळा आणि दफनभूमी कुठे, हे त्यात असतं. कायद्याप्रमाणे वीस वर्षांत तो नव्याने तपासायचा. आज अंगणवाडीत जाणारं पोरगं लग्नाच्या मांडवात उभं राहील तोवर आज पडलेली रेघ तिथंच असेल.

"नियम बदलले" असं सगळे म्हणतात. कोणते?

इथे दोन गोष्टींची खिचडी होते. एक नियमावली, दुसरा नकाशा.

नियमावली म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर तीच. घराभोवती किती जागा सोडायची, किती मजले, ले-आउटमध्ये (प्लॉट पाडायच्या आखणीत) मोकळी जागा किती, हे तिच्यात आहे. आपल्या सभागृहाने ठराव केला म्हणून त्यातलं एक वाक्यही हलत नाही.

नकाशा मात्र आपला आहे. कोणता खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर) पिवळा म्हणजे रहिवासाचा, कोणता हिरवा म्हणजे शेतीचा, कोणता नाला दाखवला आणि कोणता गाळला, हे इथे ठरतं. आपला सगळा दम नकाशावर खर्च करा. पानठेल्यावर नियमावलीला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात, भिंतीवरचा नकाशा जवळ जाऊन पाहिलेले फार थोडे.

माझी बांधी (धानाचं शेत) पिवळ्यात आली. म्हणजे एन.ए. (अकृषक) झालं का?

अजून नाही. पिवळा म्हणजे रहिवास विभाग, पण हा प्रारूप आहे. आराखडा मंजूर होऊन अंतिम झाला की जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४२-ब लागू होतं. ते २०१७ मध्ये आलं. त्या विभागाला जो वापर मंजूर आहे त्यासाठी मग वेगळी अकृषक परवानगी मागावी लागत नाही. सरकारी भरणा मात्र करावा लागतो, आणि जमीन भोगवटदार वर्ग-२ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर नजराण्याचा, म्हणजे सरकारला द्यायच्या रकमेचा, प्रश्न वेगळा येतो.

आणि एन.ए. झालं म्हणजे प्लॉट पाडता येतात असंही नाही. त्यासाठी ले-आउट मंजूर करून घ्यावा लागतो. जाहिरातीच्या फ्लेक्सवर "एन.ए." एवढं ठळक असतं आणि "ले-आउट मंजूर" कुठेच नसतं, तेव्हा जाहिरात देणाऱ्याला हा फरक बरोबर माहीत असतो.

माझी हिरव्यात राहिली. शेजाऱ्याची पिवळी झाली. हा अन्याय नाही का?

अन्याय असू शकतो, नसूही शकतो. हरकत जरूर घ्या. पण घेण्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून पाणी कुठून येतं ते आठवा. तलावाच्या पाटाचं पाणी घेणारी धानाची जमीन हिरवी राहणं मला चूक वाटत नाही. भाव पडतो हे खरं. पण शेजारचं पिवळं झालं की तुमचा पाटही त्याच्या प्लॉटांतूनच येणार आहे. परवा एक बाई विचारत होत्या, "वरती घरं झाली त माह्या बांधीले पाणी कोठून येईन जी?" इतका नेमका प्रश्न मी एकाही बैठकीत ऐकलेला नाही.

हिरव्यात काहीच करता येत नाही हेही खोटं. शेतघर बांधता येतं, त्याला जमीन किमान ०.४० हेक्टर लागते. गोठा, कोठार वगैरे शेतीला लागणारं बांधकामही चालतं.

तलावापासून किती अंतर सोडायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात चुकीचा विचारला जाणारा प्रश्न हाच. लोकांना मीटरचा आकडा पाहिजे असतो. भांडण मात्र आकड्यावरून होत नाही, कुठून मोजायचं यावरून होतं.

मे महिन्यात मोजलं तर तलाव अर्धा. पाणी आत सरकलेलं, कडेला बेशरमची झुडपं, त्यापलीकडे कुणी गाळपेर करून काकड्या-टरबूज लावलेले. तिथून फीत धरली की कुणाचाही प्लॉट नियमात बसतो. मी नोकरीत असताना एकाने मला अगदी पाण्याच्या कडेला नेऊन उभं केलं होतं. "साहेब, येथून घ्या ना." चपला चिखलात रुतलेल्या होत्या. म्हणजे आम्ही दोघंही तलावातच उभे होतो. मी मोजणी नकाशावरच्या हद्दीवरून केली आणि त्या दिवशी चहा मिळाला नाही.

म्हणून हरकतीत दोन गोष्टी मागा. अंतर अभिलेखातल्या तलावाच्या हद्दीवरून आणि पूर्ण संचय पातळीवरून (तलाव भरल्यावर पाणी जिथवर पोचतं तिथून) मोजलं जावं, यातली जी बाहेरची असेल ती धरून. आणि ती रेघ आराखड्यात काढलेली असावी, दर वेळी जागेवर ठरवायची नसावी. नद्यांसाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा काढतो. निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. आपल्या तलावाच्या नाल्याला अशी रेषा कुणी काढलेली नाही. त्यामुळे नकाशात रेघ नसेल तर नियम असून नसल्यासारखा.

आणि मुख्य म्हणजे तलाव म्हणजे तेवढं निळं नव्हे. ज्यांनी हे तलाव बांधले, ते तलाव बांधणारे कोहळी, ते सारा वसूल करणारे मालगुजार, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. वरून येणारा येवा, बुडीत जमीन, पाळ, पाणी सोडायचं तुडुम, जादा पाणी जाऊ देणारी सलंग म्हणजे सांडवा, खालचे पाट, आणि शेवटी पुढच्या गावच्या बोडीत (लहान तलावात) उतरणारा नाला. एकाचं उरलेलं पाणी दुसऱ्याला, अशी ही साखळी आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि त्यांची पाळ आजही उभी आहे. आपल्या प्रारूपात तलाव एका निळ्या ठिपक्यासारखा रंगवलाय, वरच्या अंगाचे दोन ओहोळ गायब आहेत, आणि सांडव्याच्या थेट खालची पट्टी पिवळी आहे. ज्याने रंगवलं तो बहुधा उन्हाळ्यात येऊन गेला.

सांडव्याखाली वस्ती म्हणजे काय होतं ते नागपूरने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या ले-आउटमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. ते शहर आहे, तिथे बोटी आल्या. आपल्याकडे जिल्ह्यावरून बोट यायला किती वेळ लागेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तलाव आहे तरी कुणाचा? नगरपंचायतीचा?

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी गेली ती १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने, कारण तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. पुढे काही सिंचनाकडे, काही जिल्हा परिषदेकडे, असे वाटले गेले. लोकांचे हक्क मात्र संपले नाहीत. आपल्याकडे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज नावाचे दोन जुने कागद आहेत. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांना आजही जागा आहे. गुरं कुठे पाणी पितील, माती कुठून काढायची, वाट कुठून, पाणी कुणाच्या शेताला, मासेमारीची चाल कशी, हे त्यांत लिहिलेलं सापडतं. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या अधिकाऱ्याला कधी कधी ही नावंही नवीन असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढा. कागद पिवळा आणि चुरगळणारा असतो, वाचायला वेळ ठेवा. हरकतीला याच्याइतका भक्कम जोडकागद दुसरा नाही.

केंद्राचे पाणथळ नियम आहेत ना? ते वाचवतील.

२०१७ च्या पाणथळ नियमांची व्याख्या नीट वाचा. खास सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव तिच्यात धरलेले नाहीत. मामा तलाव सिंचनाचेच, त्यामुळे ते सहज बाहेर पडतात. लोणारचं खाऱ्या पाण्याचं सरोवर निसर्गानेच दिलेलं, २०२० मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. आपल्या तलावावर सारस उतरले तरी आपली गत ती नाही. आपल्याला आराखड्यातली रेघच वाचवणार.

ले-आउटमध्ये प्लॉट घ्यायचा आहे. काय पाहू?

आधी आमच्या घरची गोष्ट. साळ्याने दहा-बारा वर्षांपूर्वी तलावाच्या वरच्या अंगाला प्लॉट घेतला. चुन्याच्या रेषा, कोपऱ्यावर दगड, दगडावर लाल रंगात नंबर, सगळं छान. मला विचारलं नाही, कारण भाव वाढायच्या आत बयाणा द्यायचा होता. विकणाऱ्याने दाखवलेला नकाशा रंगीत होता, पण त्यावर कोणत्याही कार्यालयाचा शिक्का नव्हता. रस्ता नकाशात त्याच्या प्लॉटच्या पुढे जात होता. जागेवर तो त्याच्या दारातच संपतो, कारण पुढे दुसऱ्याची बांधी आहे आणि तो देत नाही. उघडी जागा म्हणून दाखवलेला तुकडा म्हणजे मुरूम टाकून बुजवलेला ओहोळ निघाला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्याच्या स्वयंपाकघरातून गेलं. आजही पोळ्याच्या सुमारास तो गव्हाचे कट्टे पलंगावर ठेवतो.

म्हणून बघायचं ते असं. नगरपंचायतीचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा मंजुरी आदेश क्रमांकासह मागा आणि तो क्रमांक कार्यालयात जाऊन ताडून घ्या. जोडलेल्या नकाशावर शिक्का पाहिजे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला महारेराची (घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर पुढचं बोलूच नका. गाव नकाशा आणि ले-आउट शेजारी शेजारी ठेवा. गाव नकाशातल्या दोन बारीक समांतर रेघा ले-आउटमध्ये कुठे गेल्या ते शोधा. त्या हरवल्या असतील तर नाला विकला गेलाय.

आता मोकळ्या जागेचं. ०.४० हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एक एकर म्हणजे जवळपास ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकराचा ले-आउट नियमात सापडतो. त्यामुळे ३९ आरचे (०.३९ हेक्टरचे) ले-आउट फार दिसू लागलेत! मूळ सातबारा दोन भावांच्या नावे फोडायचा, दोन्ही तुकडे चाळीसच्या आत ठेवायचे, आणि पोरांना खेळायला जागाच नाही. तुम्हाला दाखवलेला सातबारा आधी कोणत्या मोठ्या खसऱ्यातला होता ते फेरफारात पाहा. दोन हेक्टरच्या वर गेलं की मोकळ्या जागेशिवाय ५ टक्के सुविधा क्षेत्रही लागतं. आपल्याकडे एवढे मोठे ले-आउट क्वचितच येतात, ते का, हे आता कळलं असेल.

आणि प्लॉट पाहायला डिसेंबरात जाऊ नका. तेव्हा सगळंच सुंदर दिसतं.

मला फक्त पाच आर विकायची आहे, पोरीच्या शिक्षणासाठी. रजिस्ट्री का होत नाही?

तुकडेबंदी. १९४७ चा कायदा. शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं बहुतेक जिल्ह्यांत केलं. त्याहून लहान तुकडा शेती म्हणून विकता येत नाही. नगरपंचायत हद्दीत आराखड्याने रहिवास वगैरे वापराला दिलेल्या जमिनीला ही अट लागत नाही, पण तिथे मंजूर ले-आउटचा प्लॉट म्हणून विका, कच्चा तुकडा म्हणून नको.

१५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले जुने तुकडे नियमित करायची वाट २०२५ मध्ये सरकारने मोकळी केली आहे. तुमचा व्यवहार त्यात बसतो का ते तहसीलला विचारा. पाच अनोळखी माणसांनी मिळून सातबारावर सामाईक नावं लावून घ्यायचा धंदा मात्र आजही चालू आहे. पहिल्याचं कर्ज थकलं की उरलेल्या चौघांना कळतं सामाईक म्हणजे काय.

घर बांधून पंधरा वर्षं झाली, गुंठेवारीचा (ले-आउट मंजूर नसताना पाडलेला) प्लॉट आहे. पाडतील का?

लगेच घाबरू नका. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात आले. शुल्क भरून नियमित करता येतं. आरक्षणाखालच्या जमिनीवर, नाल्यात किंवा तलावाच्या हद्दीत असेल तर आशा धरू नका.

आमच्या सातबारावर "झुडपी जंगल" लिहिलंय, आराखड्यात पिवळं दाखवलंय. कोण खरं?

सातबारा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार ४०९ हेक्टर झुडपी जंगल आहे. त्यात खुरटी झुडपं सोडून काही नाही, पण २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच ठरवली. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने रीतसर दिलेल्या जागांना नियमित होण्याची वाट ठेवली आहे. नंतरच्यांचं कठीण. आराखड्यात रंग दिला म्हणून वनजमीन रहिवासी होत नाही. अशा जागेचा बयाणा देऊ नका, कितीही जवळच्या माणसाने आणलेली असली तरी.

आणि नझूल?

नझूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन, बहुतेक भाडेपट्ट्यावर. पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण पाहा. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सगळं असतं.

माझ्या जमिनीवर बगिच्याचं आरक्षण पडलं. आता मी काय करू?

आत्ता हरकत घ्या, हीच वेळ आहे. आराखडा मंजूर झाल्यावरही आरक्षण कायमचं नसतं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित केली नाही, तर कलम १२७ ची नोटीस मालकीच्या कागदांसह देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे धरून चाला, बारा वर्षं. या वयात बारा वर्षं थांबायला सांगताना मला लाज वाटते, पण कायदा असा आहे.

एक मात्र सांगतो. सगळ्यांनीच "माझ्या जमिनीवर नको" म्हटलं की बगीचा शेवटी तलावात ढकलला जातो. पाळीवर पेव्हर, बुडीत क्षेत्रात भराव, त्यावर कारंजं. सौंदर्यीकरण म्हणतात त्याला.

आराखडा प्रसिद्ध झाला, आता बांधकाम परवानगी बंद का?

बंद नाही. पण अर्ज तपासताना प्रारूपही विचारात घेतात. प्रारूपातल्या रस्त्यात घर येत असेल तर परवानगी अडेल.

हरकत कशी लिहायची? वकील लागतो का?

नाही. साधा कागद चालतो. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस मिळतात, त्यात रविवार आणि सणही धरले जातात. लांबलचक लिहू नका. बहुतेक हरकती "सदर आराखडा अन्यायकारक असून" अशा सुरू होतात आणि दोन पानांनंतर संपतात, खसरा नंबर न सांगता. असं लिहा:

"मौजा अमुक, खसरा क्रमांक अमुक. प्रारूप आराखड्यात हा रहिवास विभागात दाखवला आहे. गाव नकाशाप्रमाणे या खसऱ्यातून तलावाला मिळणारा नाला जातो, तो आराखड्यात दाखवलेला नाही. नाला मूळ रुंदीसह दाखवावा आणि दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी ठेवावी, ही मागणी. सोबत गाव नकाशा, सातबारा, ऑगस्टमधले दोन फोटो."

बस. एका कागदात एकच मागणी. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा, देतो" म्हणाले तर बाकावर बसा.

सुनावणीत बोलू देतात का?

देतात. नियोजन समितीपुढे प्रत्येक हरकतदाराला बोलावणं येतं. समितीत काही नगरसेवक आणि बाहेरचे जाणकार असतात. वेळ थोडा मिळतो, त्यात रडगाणं नको. नकाशावर बोट ठेवा आणि इथून पाणी येतं म्हणून दाखवा. ज्या बाईंनी वरचा प्रश्न विचारला, त्यांना मी सांगितलंय, तोच प्रश्न तिथे जसाच्या तसा विचारा, शुद्ध मराठीत करू नका.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. जमीन नाही, सातबारा नाही. आम्ही हरकत घेऊ शकतो का?

घेऊ शकता. कायदा जमीनमालकच पाहिजे असं म्हणत नाही, कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतं. डोंगा (नाव) ओढायची जागा, जाळी वाळवायची पाळीखालची पट्टी, मासळी उतरवून तोलायची जागा, यातलं काहीही नकाशात नाही. पट्टीवर आराखड्यात पार्किंग आहे. वाजिब-उल-अर्जात मासेमारीची नोंद सापडली तर ती जोडा, नाही सापडली तरी सूचना द्या. पंचवीस-तीस घरांनी वेगवेगळे कागद दिलेले चांगले, एकाच कागदावरच्या तीस अंगठ्यांचा एकच आवक क्रमांक पडतो.

नकाशा पाहायला कधी जाऊ?

उद्या. साडेदहाला कार्यालय उघडतं, अकरापर्यंत गर्दी नसते. चष्मा घेऊन जा, खसरा नंबर मुंगीएवढे छापलेत. सोबत गाव नकाशाची प्रत असू द्या आणि तलावाच्या वरच्या अंगापासून पाहायला सुरुवात करा, स्वतःच्या प्लॉटपासून नको.